मराठीत तिलाबाई मरत नाही

सिनेमा भिकार आहे, हा निकाल अनुसयाबाईंनी सिनेमा लागायच्या आधीच देऊन टाकला होता. आरोपीचं तोंड बघायची गरजच त्यांना वाटली नाही.

"काही नाही त्यात," त्या ओट्यावर सगळ्यांदेखत म्हणाल्या. "सगळा कॉम्प्युटरचा धूर. आणि माणसं हिंदीत बोलणार. गडावरची माणसं कधी हिंदीत बोलतील का?"

"मग काय अहिराणीत बोलतील?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"तू वाचतेस तेव्हा तर बोलतात," ज्योती म्हणाली आणि दातांनी धागा तोडला.

ते मात्र खरं होतं. अनुसयाबाई वाचायला लागल्या की सातासमुद्रापलीकडची राणीसुद्धा अंमळनेरच्या बाजारातून आल्यासारखी बोलायची.

लिंबायतच्या त्या गल्लीत रुक्मिणीबाईंच्या ओट्यावर रोज दुपारी साड्यांचा डोंगर पडतो. भरतकामाच्या मशीनवरून आलेली साडी पुढून नवरी असते आणि मागून भूत. उलट्या बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत नुसते धागे लोंबत असतात. ते कटरनं साफ करायचे, याला सगळी सुरत 'धागा कटिंग' म्हणते. हात चालतात, डोळे चालतात, कान मात्र रिकामे राहतात. कान रिकामे राहिले की माणूस शेजारणीच्या सुनेवर घसरतो, हे जाणून कुणे एके काळी अनुसयाबाईंनी पुस्तक उघडलं. लग्नाआधी त्यांची दहावी झालेली, आवाज खणखणीत, आणि मुख्य म्हणजे भांडणाचं वाचताना त्या खरोखर भांडायच्या. तेव्हापासून ओट्यावर एक रीत पडली. वाचणारीनं कटर धरायचा नाही. तिच्या वाट्याचा गठ्ठा मधोमध ठेवायचा, आणि बसताना प्रत्येकीनं आधी त्यातली एक साडी उचलायची, मग आपल्या कामाला लागायचं. ही रीत कुणी ठरवली नव्हती. त्यामुळेच ती टिकली होती.

पुस्तकं आणायचा त्यांचा मुलगा, ललित. तो रिंगरोडच्या कपडा मार्केटात नोकरीला. त्यानंच एकदा 'सात दारांचा गड' या मालिकेचा पहिला भाग आणला. मूळची इंग्रजी, जगभर खपलेली, मराठीत उतरवलेली. दोन पोरकी भावंडं, एक शापित गड, राखेची राणी, एक आळशी ड्रॅगन, आणि गडाच्या मुदपाकखान्यात टिल्डा नावाची म्हातारी स्वयंपाकीण. टिल्डाची तिलाबाई ओट्यानं पहिल्याच दुपारी करून टाकली. भावंडांचं काय व्हायचं ते होवो, राणीचं राज्य जावो की राहो, ओटा तिलाबाईच्या पाठीशी होता.

आता पाच भाग वाचून झाले होते, सहावा चालू होता, आणि सगळ्या भागांचा मिळून एक सिनेमा आला होता.

सिनेमा आधीच भिकार ठरवण्याचं कारण जगात फक्त अनुसयाबाईंनाच माहीत होतं. तिलाबाई तिसऱ्या भागात मरते.

म्हणजे पुस्तकात मरते. ओट्यावर मेली नव्हती. 

त्याचं असं झालं होतं. तिसरा भाग चालू असताना शकुंतलाबाईंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून घरी आणलं, पण बाईनं अंथरूण सोडायचं नावच घेतलं नाही. वयानं त्या ओट्यावर सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांची शकुताई. मग ओटाच उठून त्यांच्या खोलीत गेला. साड्या खाटेभोवती, अनुसयाबाई उशाशी. आणि योगायोग असा की तेव्हाच पुस्तकात तिलाबाईही तापानं आडवी झालेली.

"ती उठली की मी उठते," शकुताई छताकडे बघत म्हणाल्या.

अनुसयाबाईंना पुढचं आधी वाचून ठेवायची सवय होती. तव्यावर भाकरी असतानाच त्यांनी पुढलं प्रकरण वाचलं, आणि भाकरी जळली. तिलाबाई उठते खरी, पण तिसऱ्या दाराशी जाते आणि तिथेच भिंतीखाली गाडली जाते. दुसऱ्या दिवशी खाटेशी बसून त्यांनी पान उघडलं. शकुताईंच्या हातात पेजेची वाटी होती, आणि चमचा तिलाबाईची वाट बघत अधांतरी थांबला होता. अनुसयाबाईंनी घसा खाकरला आणि ढिगाऱ्याखालून तिलाबाईला जिवंत बाहेर काढलं. लोंबणारा धागा कापावा तसं मरण कापलं. शकुताईंनी पेज संपवली. पंधरवड्यात त्या ओट्यावर परतल्या.

पण एक धागा ओढला की साडी कुठवर उसवेल, सांगता येत नाही. मेलेली बाई जिवंत ठेवायची, म्हणजे तिला रोज खाऊपिऊ घालावं लागतं. चौथ्या भागात तिलाबाईनं ड्रॅगनला वांग्याचं भरीत खाऊ घातलं. पाचव्यात गडाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं तिला मागणी घातली आणि तिनं त्याला पळीनं हाणलं. ओट्यावर हसून हसून कटर खाली पडले. 'आधी पोट, मग पराक्रम' हे तिलाबाईचं वाक्य गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ झालं. ते पुस्तकातलं की आपलं, हे आता अनुसयाबाईंनाही आठवत नव्हतं.

म्हणून सिनेमा भिकार असणं फार गरजेचं होतं.

"तू न बघता सिनेमा नापास करतेस," नवरा म्हणाला. सुकदेवराव रात्रपाळीला लूमवर असायचे, खटखटीनं कान अधू झालेले, त्यामुळे घरातही गिरणीतल्यासारखे ओरडून बोलायचे. "आणि मी न ऐकता तुझं सगळं पास करतो. म्हणून चाललाय संसार!"

घात केला तो पोटच्या पोरानं. आईनं इतकी वर्षं वाचलेल्या पुस्तकावर सिनेमा आला, तर आईला दाखवायला नको? ललितनं शनिवारच्या दुपारच्या खेळाची चार तिकिटं काढली. आईचं, रुक्मिणीबाईंचं, ज्योतीचं आणि शकुताईंचं.

"माझे पाय दुखतात," अनुसयाबाई म्हणाल्या.

"बसूनच बघायचा असतो, आई."

चौघीजणी ठेवणीतल्या साड्या नेसून रिक्षात बसल्या. मॉलच्या दारात झडती झाली आणि चौघींच्या पर्समधून चार कटर निघाले. सवयच ती, दुसऱ्या बायका कंगवा बाळगतात.

"आंटी, ये क्या? पिक्चर काटने आई हो?" रखवालदारानं विचारलं.

"गरज पडली तर," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

गरज पहिल्या दहा मिनिटांतच पडली. राखेची राणी पाठमोरी उभी राहिली, तिचा काळा झगा पडदाभर पसरला, आणि ज्योती ओरडली, "धागे! मागून धागे लोंबतायत बघा!"

खरंच लोंबत होते. किनारीच्या भरताखाली हातभर धागा वाऱ्यावर उडत होता.

"एवढं मोठं राज्य, आणि धागा कटिंगला एक बाई ठेवता येईना?" रुक्मिणीबाईंनी कपाळावर हात मारला. "आपल्याकडे असा माल परत पाठवतात."

तिथून सिनेमाची धडगत राहिली नाही. भावंडं पोरकी आणि उपाशी, पण गाल कसे सफरचंदासारखे. गडाचा धूर सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या कारखान्यांपेक्षा पातळ. ड्रॅगन पुस्तकात आळशी आणि लाघवी. इथे नुसता आग ओकत हिंडत होता, जसं काही त्याला पित्त झालंय. आणि जो तो दर दोन मिनिटांनी क्षितिजाकडे बघून कसलीतरी शपथ घेत होता. अनुसयाबाईंना बरं वाटायला लागलं. आपण न बघता दिलेला निकाल इतका बरोबर निघेल, याची त्यांना स्वतःलाही कल्पना नव्हती.

मग मुदपाकखाना आला. ओटा पुढे सरसावून बसला.

"ही तिलाबाई?" शकुताई पहिल्यांदा बोलल्या.

पडद्यावर एक सडसडीत बाई उभी होती. ओठ रंगवलेले, हात गोरेपान. मागची भांडी अशी चकचकीत, की त्यांना चूल म्हणजे काय हे ठाऊक नसावं.

"हिनं जन्मात भाकरी थापलेली नाही," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पीठ बघ कसं कालवतेय. चिमटीनं! रांगोळी घालतेय का?"

"आधी पोट, मग पराक्रम म्हणेल आता," ज्योती म्हणाली.

ती तसं काही म्हणाली नाही. ती 'अपना खयाल रखना' म्हणाली, भावंडांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि वळते न वळते तोच धाडकन भिंत तिच्या अंगावर पडली. धूळ उडाली. धुळीतून ड्रॅगन आला आणि पडदा त्याचा झाला.

"मायवं! मेली?" रुक्मिणीबाई उभ्याच राहिल्या.

"उठेल, उठेल," ज्योती म्हणाली. "आता हात हलेल बघा. ढिगाऱ्यातून आधी हात येतो."

चौघी हाताची वाट बघत राहिल्या. हात आला नाही, मध्यंतर आलं. दिवे लागले.

"सत्यानाश केला मेल्यांनी पुस्तकाचा!" रुक्मिणीबाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "चांगली धडधाकट बाई मारून टाकली! मग पहारेकऱ्याला पळीनं कोण हाणणार?"

पुढच्या रांगेत कॉलेजातली एक मुलगी बसली होती. तिच्या टी-शर्टावर सात दारं छापलेली होती, आणि पहिल्या धाग्यापासून ती मागच्या रांगेला सहन करत आली होती. ती गर्रकन वळली.

"मासी, बुकमां पण ए मरी ज जाय छे! तमे शांतिथी बेसो ने!"

सुरतेत निम्मा जन्म काढलेल्या बायकांना याचा अर्थ सांगावा लागला नाही. पुस्तकातही ती मरतेच. तीन माना एकदम अनुसयाबाईंकडे वळल्या.

अनुसयाबाईंच्या आयुष्यात असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. पण जीभ सवयीची, ती आपणहून चालली.

"गुजरातीत मरत असेल," त्या म्हणाल्या. "आपल्या मराठीत नाही मरत."

रुक्मिणीबाईंची छाती अभिमानानं फुगली. "ऐकलंस का गं पोरी? आमच्या मराठीत नाही मारत म्हाताऱ्या माणसांना!"

मुलगी काही बोलायला गेली, आणि या चौघींकडे बघून पॉपकॉर्न आणायला निघून गेली.

परतताना रिक्षात सिनेमाची अशी काही सालं निघाली, की रिक्षावाल्यानं तो बघायचा बेत तिथल्या तिथे रद्द केला. रुक्मिणीबाई झोडत होत्या, ज्योती झोडत होती. आणि सगळ्यांत जहरी जीभ ज्यांची, त्या अनुसयाबाई रिक्षाबाहेर बघत होत्या. त्यांना दिग्दर्शकाचा कधी कुणाचा आला नव्हता असा राग आला होता, आणि तो बोलून दाखवता येत नव्हता. तिलाबाई मेली याचा राग नव्हता. ती *कशी* मेली, याचा होता. पुस्तकात त्या मरणाला अख्खं प्रकरण होतं. भाकरी जळाली होती ते वाचताना. या मेल्यानं त्या प्रकरणाचा धूर करून ड्रॅगनला वाट करून दिली! पण हे म्हणायचं कुणाला? आधी कबूल करावं लागेल की ती मरते. जगातला सर्वांत खरा आरोप अनुसयाबाईंच्या दाताखाली होता, आणि त्यांच्याच थापेनं त्यांचं तोंड बांधलेलं होतं.

शकुताई बाहेर बघत नव्हत्या; अनुसयाबाईंकडे बघत होत्या.

सोमवारी ओटा भरला. वाचणारीचा गठ्ठा मध्ये ठेवला. रुक्मिणीबाईंनी त्यातली एक साडी घेतली, ज्योतीनं घेतली. शकुताईंनी हात पुढे केला, आणि आपल्या स्वतःच्या गठ्ठ्यातली साडी ओढून मांडीवर घेतली.

"शकुताई, विसरलीस," ज्योती म्हणाली.

"विसरले नाही. आधी तिसरा भाग काढ, अनसू. ती ढिगाऱ्यातून उठते ते पान वाच."

"ते कितीदा वाचायचं, ताई? आता सहावा..."

"वाच. आणि ओळीखाली बोट ठेवून वाच. माझ्याजवळ बस."

शकुताईंना अक्षरओळख होती. जोडाक्षराशी त्या अडखळायच्या, पण 'हात हलला' यात जोडाक्षर नव्हतं. अनुसयाबाईंनी पुस्तक आणलं, पान उघडलं, बोट ठेवलं. बोटाखालची ओळ काही केल्या हलेना. गोष्ट तोंडपाठ होती, पण बोट खोटं बोलायला तयार नव्हतं.

"माझं डोकं दुखतंय," त्या शेवटी म्हणाल्या.

शकुताईंनी कटर खाली ठेवला. "म्हणजे मेली ती."

अनुसयाबाईंनी ओळीवरचं बोट काढून घेतलं.

"ती मेलेली, आणि मी तिच्या भरवशावर पेज पीत होते," शकुताई म्हणाल्या. आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मग मी उठले ती कुणाच्या जोरावर गं, अनसू? मला लहान पोर समजलीस? चिऊ आली, काऊ आला, घास घे?"

त्या आठवड्यात ओट्यावर पुस्तक उघडलं नाही. अनुसयाबाई आपला गठ्ठा आपणच कापू लागल्या. हाताला सवय नव्हती, दोनदा बोट कापलं. तिघींचं बोलणं सिनेमावर सुरू व्हायचं, दोन शिव्यांनंतर वाळून जायचं. शिव्या देण्यातही राम राहिला नव्हता. कान रिकामे पडले आणि गुरुवारी रुक्मिणीबाई चक्क शेजारणीच्या सुनेवर आल्या.

"काय झालंय?" सुकदेवराव घरात ओरडले. "घर इतकं शांत आहे की मलासुद्धा ऐकू येतंय!"

"माझं खोटं पकडलं शकुताईनं."

"मग खरं सांग!"

"खरं वाईट आहे."

"काय?"

"खरं वाईट आहे!" अनुसयाबाई ओरडल्या. "फार वाईट आहे, आणि फार चांगलं लिहिलंय!"

सुकदेवरावांना यातलं किती कळलं देव जाणे. "मग वाच की!" ते म्हणाले आणि कूस बदलली.

शुक्रवारी त्या तिसरा भाग घेऊन ओट्यावर आल्या, शकुताईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. या वेळी अहिराणी नाही, हेल नाही, पदरचा मीठ-मसाला नाही. जसं छापलंय तसं.

तिलाबाई तापातच उठते. तिसऱ्या दाराचा अडसर मोडलेला असतो. ती आपली रुंद पाठ दाराला लावते आणि पोरांना म्हणते, पळा. पलीकडून राणीची फौज धडका देते. पोरं रडतात, मागे वळतात, तेव्हा ती त्यांच्यावर खेकसते, की चुलीवर दूध ठेवलंय, उतू गेलं तर तुम्हाला सोलून काढीन. पोरांना ते खरं वाटतं. ती घाबरून पुढे पळतात. चुलीवर दूध नसतं. पोरं पार पलीकडे जाईपर्यंत ती एकेक शिवी देत राहते, म्हणजे ती आहे हे त्यांना ऐकू यावं. मग भिंत येते.

कटर थांबले होते. ज्योती नाक पुसत होती, तेही विकायच्या साडीला नाही, आपल्याच पदराला.

"दार नाही सोडलं तिनं?" शकुताईंनी विचारलं.

"नाही सोडलं."

"आणि दुधाचं खोटंच सांगितलं पोरांना."

"खोटंच."

शकुताईंनी त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग एकदम म्हणाल्या, "पण सिनेमात दार कुठं होतं?"

"नव्हतंच!" अनुसयाबाईंचा बांध फुटला. "हेच तर! दारच नाही दाखवलं भाड्यानं! अडसर नाही, दूध नाही, एक शिवी नाही! नुसती उभी होती वेंधळ्यासारखी, आणि भिंत पडली. अशी तर म्हैस मरते! ती मेली नाही गं, ती थांबली होती तिथं! आणि याला घाई कशाची, तर त्या पित्त झालेल्या पालीला आणायची! आणि म्हणे 'अपना खयाल रखना'! तिलाबाई असं बोलेल? ती सोलून काढीन म्हणते, तेव्हा पोरांना कळतं की माया आहे! पुस्तक वाचलं तरी होतं का त्यानं? का नुसतं पाठचं चित्र बघून सिनेमा काढला?"

दम लागून त्या थांबल्या. गल्लीतला एक भाजीवाला गाडी उभी करून ऐकत होता.

"मग हे त्याच दिवशी का नाही बोललीस?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"कशी बोलू?"

"खोटारडी आहेस तू, अनसू," शकुताई म्हणाल्या.

"हो, ताई."

"त्या सिनेमावाल्यापेक्षा बरी. त्यानं जिवंत असतानाच मारून ठेवली होती तिला." शकुताईंनी मधल्या गठ्ठ्याकडे हात नेला, अनुसयाबाईंच्या वाट्याची साडी ओढली, मांडीवर उलटी पसरली, आणि कटर उचलला. "चल. आता काढ तिला बाहेर."

"कुणाला?"

"तिलाबाईला. ढिगाऱ्यातून. पहारेकरी खोळंबलाय तिकडं पाचव्या भागात."

"पण ताई, आता तर तुम्हाला माहीत झालं..."

"मला पुस्तकातलं विचारायचं होतं, ते विचारून झालं. तू आत घातलास ना हात? मग ओढ."

अनुसयाबाईंनी शकुताईंकडे पाहिलं. मग वाचायला बसल्यापासून इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं, ते केलं. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"तर काय झालं, बाई," त्या म्हणाल्या, आणि गडावरची माणसं पुन्हा अंमळनेरची झाली, "सगळीकडे धूळच धूळ. आणि धुळीत आधी एक हात हलला..."

"पळी होती का हातात?" ज्योतीनं विचारलं.

"होती तर! पळीशिवाय कशी येईल?"

कटर चालू झाले.